घास आणि घोट : बोर्दोत टाकलेला गुळाचा खडा

मागच्या अंकात एवढंच लिहिलं होतं की हजार-बाराशेच्या आतली वाइन आपल्या जेवणाबरोबर घ्यायची तर कोणती, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी विचारा. वाटलं, चार पत्रं येतील आणि त्यातली दोन शिव्यांची असतील. आली बत्तीस. शिव्यांची पाचच, त्यातलं एक खाली घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाही. आपल्याकडं कोण काय घेतो हे गावाला कळायला छापावं लागत नाही, हा भाग वेगळा.

नव्या वाचकांसाठी: मी औसा तालुक्यातला. भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४ला, मुंबईला गेलो आणि एका हॉटेलात ग्लास पुसायला लागलो. पुढं चौदा वर्षं प्रवासी जहाजाच्या बारमध्ये काढली. आता लातुरात खानावळ चालवतो. तिथं दारू मिळत नाही, तेव्हा हे सदर वाचून कुणी यायला नको. आणि महाराष्ट्रात वाइनसाठी वय एकवीस पूर्ण लागतं. कॉलेजातल्या ज्या दोघांनी लिहिलंय त्यांनी पुढच्या वर्षी लिहावं.

काका, मुलगा-सून हैदराबादहून येतायत. लग्नानंतर सून पहिल्यांदाच मुक्कामाला येतेय. तिच्या माहेरी जेवणाबरोबर वाइन घेतात म्हणे. आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक, कधी बाटली घरात आली नाही. बेत काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी. मटणाला रेड लागते असं शेजारचे सांगतात. हजारात बसेल अशी कोणती आणू? (उदगीर)

बाई, शेजाऱ्यांचं ऐकू नका. मी ऐकलं होतं, म्हणजे जहाजावरच्या पुस्तकाचं ऐकलं होतं, आणि फसलो होतो.

२००४चा मे महिना. सुट्टीवर आलो तेव्हा पेटीत बोर्दोची एक रेड होती. बोर्दो म्हणजे फ्रान्समधला नावाजलेला वाइनचा मुलूख. माझ्या मानानं बाटली महागडी होती. पुस्तकात लिहिलेलं, मटण असेल तर बोर्दो. घरावर पत्रे, पत्र्याखाली ती आठ दिवस पडून. मग भावानं बोकड पाडलं, आईनं येसर घालून रस्सा केला, वर तेलाचा लाल-काळा तवंग. स्टीलच्या पेल्यांत मी मोठ्या ऐटीत वाइन ओतली. भावानं रश्श्यात भाकरी चुरली, दोन घास खाल्ले आणि एक घोट घेतला. त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं ठसका लागला. म्हणाला, "बाभळीची साल चघळल्यावानी लागतंय बे." मी घेऊन पाहिली. खरंच. वर रश्श्याची आग दुप्पट झालेली. वडील काही बोलले नाहीत. उठले, उतरंडीतून गुळाचा खडा आणला, पेल्यात टाकला, बोटानं ढवळला आणि पिऊन टाकली. "आता बरी हाय."

तेव्हा मला लाज वाटली होती. साडेपाचशे प्रवाशांना वाइन सुचवणारा मी, आणि माझा बाप बोर्दोत गूळ ढवळतोय. पुढं कळलं की त्यांचंच बरोबर होतं. भावाचंही. बाभळीच्या सालीत जे असतं, ज्याच्या जोरावर चांभार कातडं कमावतात, तेच टॅनिन रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून उतरतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. पाश्चात्त्य पद्धतीच्या भाजलेल्या मटणात चरबी भरपूर आणि तिखट नावालाही नसतं. तिथं ती चरबी नि प्रथिनं टॅनिनला सावरून घेतात. आपल्या रश्श्यात मिरची असते. मिरचीची आग ही खरं तर चव नाहीच. भाजल्याची खबर देणाऱ्या ज्या नसा असतात त्यांनाच ती चेतवते. अल्कोहोल त्याच नसांना आणखी हळवं करतं. त्यात तुरटपणा आला की तिघं मिळून जिभेवर बसतात. यातून सुटायला दोनच गोष्टी: थोडी गोडी आणि भरपूर थंडावा. वडिलांकडं फ्रिज नव्हता, गूळ होता.

तेव्हा तुम्ही नाशिकची शेनिन ब्लाँ आणा. व्हाइट वाइन आहे, भारतातल्या बऱ्याच शेनिन किंचित गोडसर बनवतात, हजाराच्या आसपास मिळून जाते. फ्रिजमध्ये किमान तीन तास ठेवा. नाहीच मिळाली तर रोझे घ्या, म्हणजे गुलाबी. तीही अशीच गार. सुनेला रेडच आवडत असेल तर चिलीची मर्लो किंवा अर्जेंटिनाची माल्बेक, त्यातला तुरटपणा मऊ असतो, पण तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच. काबर्ने सोव्हिन्याँ नावाची रेड नको, ती फार तुरट. एका बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे पाच ग्लास होतात. चौघांना एक बाटली पुरे. तुम्हाला नको असेल तर नका घेऊ, सुनेबरोबर बसलात तरी तिला आनंदच होईल. आणि तिखट एक चमचा कमी टाका असं सांगणार होतो, पण उदगीरला ते कोण ऐकणार.

माझा मेहुणा स्पेनमध्ये असतो. तिथं म्हणे चार युरोत चांगली वाइन मिळते. इथं तीच अठराशेला का? दुकानदार लुटतो का? (लातूर)

दुकानदाराला सोडा. परदेशातून येणाऱ्या बाटलीवर आपल्याकडं वर्षानुवर्षं १५० टक्के आयातकर लागत आलाय. हिशेब करून पाहा: बंदरावर चारशेची बाटली आली, सहाशे कर, झाले हजार. त्यावर राज्याचं शुल्क, विक्रीकर, मग आयात करणारा, वितरक, दुकानदार. शेवटी बाटलीचे चारशे नि बाकीचे चौदाशे.

ऑस्ट्रेलियाशी करार झाला, तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात बाटलीची किंमत किमान पाच डॉलर असेल तर कर १५०चा १०० वर आला आणि दहा वर्षांत ५० वर यायचा आहे. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला आणखी सवलत. म्हणजे गंमत बघा, पाच डॉलरच्या खालच्या, खऱ्या स्वस्त बाटलीला यातून काहीच नाही. तरीही ऑस्ट्रेलियाची शिराझ, म्हणजे तिथली रेड, दुकानात दिसली तर किंमत विचारून ठेवा.

परदेशी घ्यायचीच असेल तर नावाजलेल्या मुलुखांच्या मागं लागू नका. फ्रान्समधल्या नावाजलेल्या गावाचं नाव छापलेली बाटली स्वस्तात मिळाली तर ती बहुधा त्या गावची उरलीसुरली असते. त्याच पैशात चिली, दक्षिण आफ्रिका, पोर्तुगाल, अर्जेंटिना जास्त देतात.

चिलीची एक गोष्ट सांगतो. तिथले लोक कितीतरी वर्षं एक द्राक्ष मर्लो म्हणून लावत होते, मर्लो म्हणून विकत होते. १९९४ला फ्रान्सचे द्राक्षतज्ज्ञ ज्याँ-मिशेल बूर्सिको तिथं गेले, वेली बघितल्या आणि म्हणाले, ही मर्लो नाही, ही कार्मेनेर. बोर्दोचंच जुनं द्राक्ष. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधल्या बागा मुळासकट खाल्ल्या, त्यात ते तिकडं जवळजवळ संपलं. त्याआधीच कुणी चिलीला नेलं म्हणून वाचलं. चिलीत ती कीड आजही पोचलेली नाही. आपल्याकडं बियाण्याच्या पिशवीवर एक नि शेतात उगवतं दुसरं, तसंच हे, फक्त इथं शेतकऱ्याचा फायदा झाला. कार्मेनेरला ढोबळ्या मिरचीचा वास येतो, अगदी देठ मोडल्यावर येतो तसा. खाऱ्या वांग्याबरोबर, शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भरल्या ढोबळीबरोबर ती जमते. वांगी भाजून भरीत केलं तर आणखीच, धुराचा वास दोघांत जुळतो. ठेच्याला मात्र दूर ठेवा.

आम्ही शाकाहारी. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी, आंबील, उंडे असतात. यंदा यजमानांचे पुण्याचे मित्र येणार आहेत, ते वाइन आणू का म्हणतात. कोणती सांगू? (धाराशिव जिल्हा)

ताई, कोणतीच सांगू नका. कोपीत लक्ष्मी मांडलेली, पांडव मांडलेले, आंबील शिवारात शिंपडत घरधनी फिरतोय, आणि बाजूला बूच उडतंय, हे मला बघवणार नाही. माझ्या आईला तर त्याहून नाही. त्या दिवशी आंबील हाच घोट. ज्वारीच्या पिठाचं आंबवून केलेलं ताक घातलेलं पेय, मातीच्या बिंदगीतलं. त्याच्यापुढं शहाण्यानं दुसरं काही मागू नये.

पण भज्जी उरते. दरवर्षी उरतेच, आणि दुसऱ्या दिवशी मुरून आणखी चांगली लागते. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी, शेंगदाणे, चिंच, बेसन. या भज्जीबरोबर मी आजवर जे जे घेऊन पाहिलं त्यात पोर्तुगालची विन्यो व्हेर्द सगळ्यांत सरस. नावाचा अर्थ 'हिरवी वाइन'. रंगानं हिरवी नसते, कोवळेपणीच प्यायची म्हणून हिरवी. अल्कोहोल कमी, बहुतेक नऊ ते साडेअकरा टक्के. आंबट, आणि जिभेवर किंचित चुरचुर.

लिस्बनला जहाज लागायचं तेव्हा आम्ही खलाशी मंडळी बंदरामागच्या एका गल्लीत जायचो. दारातच कोळशावर सार्डिन भाजायला ठेवलेले. त्यावर जाडं मीठ, लिंबू, आणि मातीच्या भांड्यातून ही वाइन. माझ्याबरोबरचा गोव्याचा एक जण म्हणायचा की ही वाइन नाही, हे सरबत आहे. पण मासा संपेपर्यंत त्याचंच भांडं दोनदा रिकामं व्हायचं. आंबटाला आंबट लागतं. चिंचेच्या भाजीबरोबर सौम्य वाइन घेतली तर ती पाणी वाटते. वाइन भाजीइतकी किंवा तिच्याहून जरा जास्त आंबट हवी. विन्यो व्हेर्द आपल्याकडच्या लहान शहरांत क्वचितच मिळते, पुण्याच्या पाहुण्यांना तीच आणायला सांगा. नाहीतर नाशिकची सोव्हिन्याँ ब्लाँ, ही व्हाइट. त्या द्राक्षाला ओल्या पाल्याचा वास असतो, पातीच्या कांद्याशी त्याचं बरं जमतं.

नान खलियाबरोबर? (छत्रपती संभाजीनगर)

एवढंच पत्र. आवडलं.

खलियात चरबी भरपूर, तिखट बेताचं, मसाला सुगंधी. म्हणजे उदगीरच्या बाईंना जे सांगितलं त्याच्या उलट. इथं रेड चालते. फ्रान्सची कोत द्यु रोन किंवा स्पेनची गार्नाचा. दोन्ही एकाच द्राक्षाच्या आसपासच्या, फ्रेंच त्यालाच ग्रेनाश म्हणतात. पिकलेल्या फळाचा वास, टॅनिन मध्यम. नान जाड असते, रश्श्यात बुडवली की तर्री पिते, आणि मग या वाइनचा तुरटपणा तोंडातलं तूप-तेल धुऊन काढतो. पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. देशी हवी तर अकलूजकडची सांज्योव्हेझे बघा. इटलीचं द्राक्ष, सोलापूर जिल्ह्याच्या मातीत. आपल्या शेजारचीच म्हणायची.

तुमच्या जिल्ह्यात वाइनचं हे काही नवं खूळ नाही. पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची एक वही लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात आपलं पैठण आहे, तेर आहे (तो तगर लिहितो). पैठणहून अकीक, तेरहून कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला जायचं. आणि त्याच बंदरात जहाजांतून काय उतरायचं त्याच्या यादीत वाइन आहे. इटलीची जास्त पसंत, असंही त्यानं नोंदवलंय. गोरोबाकाकांच्या तेरचं कापड देऊन इटलीची वाइन, असा सौदा तिथं झालाच असणार असं मला आपलं वाटतं. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात मान वर करून छत बघा, इराणी टोपीतला एक मिशाळ गडी पेला धरून बसलाय. आणि चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, त्यानं तिथल्या द्राक्षं-डाळिंबांची तारीफ केलीय. आता तिथं सीताफळं विकतात, तीही वाईट नाहीत.

मुंबईच्या पाहुण्यांनी दिलेली रेड वाइन दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर होती. उघडली तर उकळलेल्या मुरंब्यासारखा वास. जुनी झाली की चांगली होते ना? (परभणी)

परभणीच्या मे महिन्यात वरच्या फळीवर काय चांगलं होतं, ते सांगा मला. तूप सुद्धा होत नाही. तुमची वाइन शिजली आहे. प्यायलात तर अपाय नाही, पण मजाही नाही. मटण मुरवायला वापरा.

स्वस्त वाइन जुनी करायची नसते. जगातल्या बहुतेक बाटल्या एक-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच भरलेल्या असतात. आणायची, महिन्याभरात संपवायची. ठेवायचीच तर फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, भाजीशेजारी. बुचाची असेल तर आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. "रेड रूम टेंपरेचरला द्यावी" असं जे सांगतात ती रूम युरोपातली, दगडी भिंतींची, सोळा-अठरा अंशांची. आपली रूम त्रेचाळीसची. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

घाई असेल नि बाटली गार नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी बाटलीला सगळीकडून धरतं, आणि मिठानं ते शून्याच्या खाली जातं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. ते पाणी मात्र झाडांना घालू नका, मिठानं जळतील. आमच्या तुळशीवर हा प्रयोग झाला आहे आणि त्याची बोलणी अजून खातो.

डॉक्टर म्हणतात रोज एक ग्लास रेड हृदयाला चांगली. (नांदेड)

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्वच्छ सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण बिनधोक म्हणता येत नाही. औषध म्हणून घेऊ नका. हृदयासाठी चाला. आणि साखरेच्या, झोपेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी त्याच डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवा.

फिरकीच्या झाकणाची वाइन म्हणजे हलकी का? (जालना)

नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या वाइनवाल्यांनी २००० साली ठरवून आपल्या चांगल्या रिस्लिंगना, म्हणजे त्या द्राक्षाच्या व्हाइट वाइनना, फिरकीचं झाकण लावलं, कारण खराब बुचानं बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. मी तर मुद्दाम फिरकीची घेतो. बूच काढायचा पेच शोधावा लागत नाही.

पाहुण्यांना जेवणानंतर कुंथलगिरीचे पेढे आणि सीताफळ रबडी देणार आहे. त्याबरोबर शॅम्पेनसारखी फेसाळ वाइन चालेल ना? लग्नांत केकबरोबर देतात. (बीड)

लग्नांत देतात ते फोटोसाठी. 'ब्रूट' लिहिलेली फेसाळ वाइन जवळजवळ बिनगोडीची असते. पेढ्यानंतर ती लिंबू पिळल्यासारखी लागते. गोडाबरोबरची वाइन त्या गोडाहून गोड हवी, नाहीतर दोघांचं नुकसान. इटलीची मोस्कातो दास्ती मिळाली तर उत्तम: साडेपाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, हलकी चुळचुळ, मोगऱ्या-संत्र्याचा वास. सीताफळाबरोबर ती मी स्वतः घेतली आहे. बालाघाटाच्या सीताफळाची रवाळ गोडी आणि तो वास, दोन्ही एका वाटीत मिळाल्यासारखं वाटतं. नाशिककडं उशिरा तोडणीच्या द्राक्षांची गोड शेनिन होते, 'लेट हार्वेस्ट' लिहिलेलं असतं, अर्ध्या बाटलीत मिळते. तीही चालेल. पेढ्याबरोबर मात्र माझं मत विचाराल तर काहीच नको. भाजलेल्या खव्याचा तो वास असाच राहू द्या, वर चहा द्या.

ती ब्रूट वाइन आणलीच असेल तर फेकू नका. जेवणाआधी काढा, आणि बरोबर सुशीला करा. चुरमुरे भिजवून, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर शेव. किंवा तेलावर खरपूस भाजलेले धपाटे आणि लोणी. खारट, तेलकट नि कुरकुरीत या तिन्हींना बुडबुडे लागतात. स्पेनची कावा शॅम्पेनच्याच रीतीनं बनते, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, निदान नऊ महिने गाळावर ठेवतात, आणि किंमत शॅम्पेनच्या पासंगाला नसते. नाशिकच्याही बऱ्या आहेत. हुरड्याच्या दिवसांत, आगटीभोवती, गरम हुरडा, जवसाची चटणी आणि ही गार वाइन. गेल्या जानेवारीत मित्राच्या शेतावर हे करून पाहिलं. बाटली गार करायला विहिरीत दोरीनं सोडली होती. दोरी सुटली. ती बाटली अजून तिथंच आहे. विहीर आटली की सापडेल, आणि ती कधी ना कधी आटतेच.

लाज वाटत नाही? जिथं प्यायला पाणी नाही, तरणी पोरं दारूनं मरतात, तिथं तुम्ही वाइन शिकवता. (अंबाजोगाई)

पाण्याचं आधी. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलोय आणि खानावळीत पत्रावळी वाढल्यात, कारण ताटं धुवायला पाणी नव्हतं. द्राक्षबागेला ठिबक असलं तरी पाणी लागतंच. उसाला त्याहून किती लागतं हा वाद मी इथं काढत नाही, काढला तर अंक पुरणार नाही.

दारूचं. माझा सख्खा चुलता देशीनं गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याला पोत्यावर घालून दवाखान्यात नेणाऱ्यांत मी होतो. म्हणून "थोडी घ्या, काही होत नाही" असं वाक्य या सदरात आजवर आलेलं नाही आणि येणार नाही. ज्या घरात कुणाला एकावर थांबता येत नाही त्या घरात बाटली आणू नये, वाइनचीसुद्धा. तुमचं पत्र पूर्ण छापलं नाही कारण त्यात माझ्या आईबद्दल एक ओळ होती. बाकीचं मला मान्य आहे. तरी लिहितो, कारण लोक घेणारच आहेत, आणि पाचशेची देशी-विदेशी पाण्यात ओतून उपाशीपोटी घेण्यापेक्षा घासाबरोबर एक ग्लास घेणाऱ्याला ताटात काय आहे याकडं बघावं लागतं. हे उत्तर तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

बुचाची बाटली आहे, बूच काढायचा पेच नाही. पाहुणे संध्याकाळी सातला येतील. (सेलू)

पत्र मला पाहुणे येऊन गेल्यावर मिळालं, तरी पुढच्या वेळेसाठी: लाकडात मारायचा लांब लोखंडी स्क्रू घ्या, पेचकसानं बुचात तीन चतुर्थांश जाईल एवढा फिरवा, पकडीनं धरून सरळ वर ओढा. बाटली दोन पायांत घट्ट धरा, तोंड कुणाकडं करू नका. फेसाळ बाटलीला मात्र हे अजिबात करायचं नाही; तिचं बूच हातानंच निघतं, बूच धरून बाटली फिरवायची. बाटली बुटात घालून भिंतीवर आपटायचे व्हिडिओ बघून माझ्या भाच्यानं फरशी लाल केली होती. आणि बूच आत पडलंच तर पडू द्या. चहाच्या गाळणीनं गाळून ओता, गाळणी आधी नीट धुवून घ्या, नाहीतर पहिल्या ग्लासाला आल्याचा वास येतो.